ओवीची अक्षरं

हॅलो?… हां शिल्पा, बोल… कोणाचा आवाज?… आईचा? जात्यावरचा? अगं, मधीच कसा काय आठवला?… अस्सं. पासवर्ड.

नर्सभरतीचा फॉर्म?… आज शेवटचा दिस, अन् आता भरून राहिलीस? लातूरला जाऊनबी शानी झाली न्हाईस बघ… हो, हो… रडू नको, ऐक ना. 'पासवर्ड विसरलात' असतंय की, ते दाब… ओटीपी जुन्या नंबरावर जातोय? अन् तो बंद… समीक्षाला लावलास?… आता कॉलेजात असंल ती, उचलणार न्हाई.

लिहून कुठंच ठेवलेलं न्हाई, येडे! तीच तर माझ्या पोरीची अक्कल. तू मुखेडला माझ्याकडं आली होतीस, मी ती जात्यावरली ओवी सांगत गेले, अन् ती एकेका शब्दाचं पहिलं अक्षर इंग्रजीत दाबत गेली. शेवटी तुझं जन्मसाल, अन् वेबसाईटच्या नावातली दोन अक्षरं. म्हंजे बँकेचा निराळा, भरतीचा निराळा. ध्यानात ठेवायची फक्त ओवी. चोराला काय कप्पाळ कळतंय?… हसलीस, बरं झालं.

किती डाव राहिले?… एकच? मग बोट लावू नको. काय टाकलंस, म्हण बरं… "जात्याच्या गं कडंला, निजली माझी लेक…" थांब.

थांब गं… पुढची म्हण… "पीठ पडं केसावरी, चांदण्यात आली न्हाऊन." मग? 'न्हाऊन'ला 'लेक' कशी जुळंल?… आई लेकच म्हणायची?… हाव, तू कडंला निजायचीस. नाकात पीठ गेलं की झोपेतच शिंकायचीस… हाव.

लेक न्हाई, शिल्पा. 'बहीण' हाय तिथं. एल काढ, बी टाक… मला कसं ठाव? टाक तर आधी, भांड मागून…

उघडलं?… उघडलं! बघ… आता फोटो जोड, सही जोड, अन्…

काय?… आई तुला बहीण कशाला म्हणंल…

न्हाई, न्हाई, फोन चालूच हाय… मी हाय इथं.

आई गेली तवा तुला नीट चालताबी येत न्हवतं, बाळे. "मला आईचा आवाज आठवतो" असं तू सगळ्यांना सांगत फिरायचीस, लई खूष असायचीस. मग मी कशाला बोलू?… आई गेल्यावर जातं मीच वढायचे. ओवीबी मीच जोडली, तुझ्यासाठी… तो गळा माझा होता गं.