रिकामा पाळणा

खोटं वाटलं तर जिंतूरच्या स्टँडवरचं बाकडं साक्षीला आहे. त्यावर बन्सीधरबाबा झरीच्या गाडीची वाट बघत बसले होते. शेजारी योगीराज तान्ह्या लेकीला दुपट्यात गुंडाळून बसला होता आणि पलीकडे बसलेल्या बायनाबाईला मोबाइलवर आपल्या घरातला कॅमेरा दाखवत होता.

“मावशी, ह्यो पाळणा मीच बनवलाय. लेकरू रडलं की आपोआप हलतो.”

“अन् लेकराची माय?”

“ती शाळेत शिकवती. घर मी बघतो.”

“लय चांगलं. पण रिकामा पाळणा हलवू नये, बाप्पा.”

“आईबी हेच म्हणती. म्हणून तर खाली वजनकाटा बसवलाय. लेकरू आत असल्याबिगर हलतच न्हाई.”

“मग आता कसा हलायलाय?”

“आं? घराला तर कुलूप हाय!”

“काटा किती दावायलाय?”

“सहा किलो दोनशे.”

“अन् हिचं वजन?”

“आत्ताच दवाखान्यात केलं. सहा किलो... दोनशे.”

“मघापासून ही रडली न्हाई रे. दुपटं बाजूला कर बघू.”

झरीची गाडी लागली. बन्सीधरबाबा काही उठले नाहीत. योगीराजचा हात दुपट्यापर्यंत गेला अन् तिथंच थांबला.