बाहुल्यानं दिलेला हुकूम

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो, आणि उत्तर घरी गेल्यावर द्या, इथं नको – इथं शेजारी ऐकतात! माणसाला मान हवा असतो. बरोबर? मग मला सांगा, तो मान मिळवायला माणसानं आपली मान कुणाच्या हातात द्यावी? आणि एकदा दिली, की परत मागता येते का हो?

पखवाजवाले बुवा मान हलवतायत. ती त्यांची स्वतःची आहे, म्हणून हलते!

तर चला, सातासमुद्रापलीकडे. देशाचं नाव पेरू. अहो, जिभल्या काय चाटता? खायचा नव्हे! डोंगराळ मुलूख तो. आपल्या एकादशीचा बटाटा मूळचा तिकडचा. तिथल्या राजाला म्हणत इंका. इंका म्हणजे साक्षात सूर्याचा पुत्र! कपाळावर लाल लोकरीचा गोंडा, तोच मुकुट. पुढे स्पेनचे गोरे घोडेस्वार आले, राज्य गिळलं. पण गिळलेलं पचेना! रयत गोऱ्यांचं ऐकेना. मग त्यांनी युक्ती काढली – राजघराण्यातलाच एखादा धरायचा, गोंडा बांधायचा, आणि त्याच्या तोंडून आपला हुकूम सोडायचा! असे बाहुले राजे तिथं खरंच होऊन गेले. मात्र आजचा राजा माझ्या मनातला. त्याचं नाव पोथीत शोधू नका, सापडायचं नाही.

नाव त्याचं वामान. आपला वामन नव्हे हं! आपल्या वामनानं तीन पावलांत त्रिभुवन घेतलं. ह्याला तीन पावलं टाकायची, तरी गोऱ्या कप्तानाला विचारावं लागे!

राजघराण्यातलाच, पण पंगतीत शेवटचं पान. बासरी वाजवायची, मक्याची दारू प्यायची, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. कप्तान गास्पारनं त्याला निरखून पाहिलं आणि म्हणाला, "हा बरा आहे. हा ओरडायचा नाही."

झालं! बांधला गोंडा. पालखी आली, पिसांची झूल आली, रोज नवा अंगरखा. वामान खूश! आरशासारख्या चांदीच्या ताटात स्वतःला बघायचा आणि म्हणायचा, "शोभतो की मी!"

शोभणारच! बाहुली कधी कुरूप असते का?

रोज सकाळी कप्तान यायचा, बूट खाडखाड वाजवत. शेजारी दुभाष्या, पोमा त्याचं नाव. दोन्ही भाषा येणारा, दोन्हीकडचं जेवणारा! कप्तान सांगायचा, पोमा उलथा करायचा, आणि वामान तेच लोकांना ऐकवायचा. अमुक गाव खाली करा. तमुक देवळातलं सोनं आणा. लोक मुकाट्यानं करायचे. का? गोंड्याचा शब्द! कपाळ कुणाचं का असेना.

एके दिवशी वामानची आत्या भेटीला आली. चास्का तिचं नाव. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेला. आता त्या देशाची रीत ऐका हं – इंकापुढे जायचं तर वहाणा काढायच्या, पाठीवर ओझं घ्यायचं आणि मान खाली घालायची. मोठा सरदार असला तरी सुटका नाही! म्हातारी आली अनवाणी, पाठीवर सरपणाची मोळी.

वामान म्हणाला, "आत्या, उतरव ते ओझं."

म्हातारी म्हणाली, "कुणापुढं उतरवू? ओझं आणलंय राजासाठी. इथं राजा दिसत नाही."

अहाहा! थोबाडीत मारलेली बरी!

"आत्या, असं का बोलतेस?"

"मागच्या खेपेला तुझ्या हुकमानं शेजारच्या खोऱ्यातली माणसं चांदीच्या खाणीत गेली. कोण परत आलं? तुझ्याबरोबर वाढलेला माझा लेक तिथंच घर करून होता, तोही त्यांत होता. तो म्हणाला, वामाननं बोलावलंय, जायलाच हवं. आणि गेला."

वामानच्या हातातला पेला तसाच राहिला. त्याला हे ठाऊकच नव्हतं! मंडळी, ठाऊक नव्हतं की विचारलं नव्हतं? दोन्हींत फरक आहे की नाही? तो त्यालाही त्या क्षणी कळला. बासरी हातात धरवेना.

आणि नेमका दुसऱ्याच दिवशी कप्तान आला. "आता नदीपलीकडचं खोरं. सगळे गडी खाणीवर!" म्हणजे कुठलं खोरं? आत्याचंच! मधे खोल दरी, तिच्यावर गवताच्या दोरांचा झुलता पूल. घोडा त्यावर पाय ठेवीना. म्हणून कप्तानाला हवा होता गोंड्याचा शब्द. लोकांनी आपल्या पायांनी चालत यावं!

वामान म्हणाला, "सांगतो की. पण लोक आताशा माझं ऐकत नाहीत."

"का?"

"तुम्ही बूट घालून माझ्यापुढं उभे राहता. लोकांना मी तुमचा चाकर वाटतो. चाकराचा हुकूम कोण मानणार? तुम्ही रीतीनं या – अनवाणी, पाठीवर ओझं, मान खाली. आणि इंका बोलत असताना कुणी चकार शब्द काढायचा नाही. मग बघा, अख्खं खोरं रिकामं होतं की नाही!"

कप्तान लालबुंद झाला! पण मनात चांदी खुळखुळली. माणसाच्या मनात ती एकदा खुळखुळली की पायातले बूट आपोआप निघतात हो!

पुलाजवळच्या माळावर सभा भरली. पलीकडचे गडी, बायाबापड्या, म्हातारेकोतारे सगळे आले. वामान पालखीत उंच. आणि समोरून कोण येतंय? कप्तान गास्पार! गोरे गोरे नाजूक तळवे, खाली टोचरे खडे. आई गं, ऊई गं! पाठीवर बटाट्यांचं पोतं! त्याचेच शिपाई घोड्यावर बसून मिशीत हसतायत. मागे पोमा, त्याच्या पाठीवर दुसरं पोतं.

लोक बघतच राहिले. आजवर ज्याच्या घोड्याच्या टापा ऐकून पळायचे, तो वाकून उभा! एका पोरसवदा बाईला हसू फुटलं. तिनं पदरानं नव्हे, मुठीनं तोंड दाबलं, कारण तिकडं पदर नाही!

वामान उठला. आपल्या भाषेत म्हणाला, "माझ्या लोकांनो, खाणीत कुणी जायचं नाही. आत्ता, सावकाश, रांगेनं पूल ओलांडा. शेवटचा माणूस पलीकडं गेला की पूल कापा आणि वर जंगलात निघून जा. अजून ऐका. ह्यांनी बांधलेला गोंडा ज्याच्या कपाळावर असेल, तो इंका नव्हे. त्याचं ऐकू नका. यापुढं माझंही ऐकू नका!"

पोमानं तोंड उघडलं. कप्तान खाली मानेनंच डाफरला, "गप्प! रीत मोडू नकोस!"

वा रे वा! रीत पाळणारा असा शिष्य मिळायला पुण्य लागतं!

लोक निघाले. कप्तानाला वाटलं, घोंगड्या-शिदोऱ्या आणायला चालले. सगळ्यांत मागे आत्या. तिनं वामानकडे पाहिलं. "चल की रे पोरा."

भोई गोऱ्यांचे, भोवती भाले. वामान म्हणाला, "तू हो पुढं. मी उतरलो की हे ताठ होतील."

म्हातारी डोळे पुशीत पूल ओलांडून गेली. पलीकडं विळे चालले. सपासप! पूल दरीत लोंबला.

कप्तान दचकून सरळ झाला. "पोमा! काय म्हणाला हा?"

पोमा म्हणाला, "धनी, आता... बोलू का?"

पुढं काय झालं? हसण्यासारखं नाही, मंडळी. वामानला मारलं, बेड्या घातल्या, दूर समुद्रकाठच्या कोठडीत टाकलं. डोंगर त्याला पुन्हा दिसला नाही, तिथंच त्याचा प्राण गेला. कप्तानानं विचारलं होतं, "हे होणार ठाऊक होतं ना तुला?"

तो म्हणाला, "हो. पण एवढा एक हुकूम माझा होता."

कप्तानानं नवा राजपुत्र आणला, नवा गोंडा बांधला, दरीच्या काठावर उभा केला. दिवसभर घसा फोडून ओरडला बिचारा. पलीकडून एक माणूस आलं नाही. एक लामा – साधू नव्हे हं, तिकडचं लोकरीचं जनावर – तेवढा आला कडेला, चरला आणि गेला.

तर आपलं काय? बाहुले काय पेरूतच होतात? समोर आपल्या सरपंच द्वारकाबाई बसल्यात. निवडून त्या आल्या, खुर्चीत मात्र त्यांचे यजमान दाजी बसतात! द्वारकाबाई, हसू नका, आणि दाजी, तुम्ही चुळबुळू नका. मंडळी, तुम्हीही हसू नका! मत बाईंना दिलंत, आणि दाखला मागायला दाजींच्या ओसरीवर जाता. दोरी एकट्या दाजींनी कशी ओढली? टोक तुम्हीच दिलंत की हातात!

उद्या सकाळी ग्रामसभा आहे. द्वारकाबाई, खुर्चीत तुम्ही बसा. आणि दाजी आले, की सगळ्यांनी मिळून म्हणायचं – "दाजी, वहाणा बाहेर काढा, आणि येताना पाठीवर सतरंजी घेऊन या, अंथरायचीय!"

लाज वाटते? मग आत्ताच सराव करू. बुवा, पखवाज सरळ करा. द्वारकाबाई, उठा. आज आरतीचं ताट दाजींनी नाही, तुम्ही धरायचं!