आपापले भांडे घेऊन या

माहं नाव मुखरू, पर गावात मले त्या नावानं कोनी बोलावत नाई, सारे भोंगेवाला म्हनतेत. धानोऱ्याहून आतमधी, जंगलाले लागून आमचं गाव. माहा आजा डफडं वाजवून दवंडी देये, ते गावकीचं काम होतं, त्याच्या मर्जीचं नाई, पाटलाचा मानूस येऊन सांगे अन् आजा निंगे. मंग आमच्या लोकाईनं बुद्धाची दीक्षा घेतली, आज्यानं डफडं आड्याले टांगलं ते टांगलंच, पुन्हा हात नाई लावला. माह्या बापानं धानाच्या बांधीत जन्म काढला, पर आवाज त्याचाबी असाच, नाल्याच्या या काठानं हाक मारली त त्या काठचा बैल मान वर करे. अन् मी जवा जुना ऑटो घेऊन त्याच्यावर भोंगा बांधला तवा माही माय रडली, म्हने आज्यानं सोडलं ते तू काऊन धरून राह्यला रे. मी म्हनलं माय, आज्याले कोनी विचारत नोतं, मी माह्या मर्जीचा मालक आहो, वाटलं त बोलीन, नाई वाटलं त ऑटो उभा ठेवीन. असं मोठ्या तोऱ्यात म्हनलं होतं मी.

तवापासून हेच करून राह्यलो. मंडईच्या, म्हनजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिसात नाटकाचा प्रचार, लसीकरन, राशन आलं, कोनाचा गोऱ्हा हरपला, कोनाची मयत. मयतीच्या वक्ती आवाज खाली उतरवा लागते, नाटकाले वर चढवा लागते, ते कोनी शिकवत नाई. आमच्याकडची रीत अशी का बाई, मी पह्यल्यांदा बोललो का लोक हातचं काम थांबवतेत, दुसऱ्यांदा बोललो का बाया दारात येतेत, तिसऱ्यांदा बोललो का चालाले लागतेत. कोनी विचारत नाई खरं का खोटं. मुखरूनं सांगतलं म्हनजे सांगतलं. मले त्याचा गर्व होता, काऊन खोटं बोलू, लय गर्व होता.

आता माही पोरगी प्रज्ञा. नागपूरले होस्टेलात राहून शिकते, उन्हाळ्यात घरी येते. गेल्या उन्हाळ्यात आली त एक खेळ घेऊन आली. काय सांगू तुमाले, आधी मले वाटलं पत्तेच आहेत. दुपारच्यानं घरापुढच्या सपरीत चटई टाकून बसे, सोबत शेजारचा दिनेश, तो मोबाईलच्या दुकानात आहे, अन् सोनी, अंगनवाडीवाल्या बाईची पोरगी, अन् आनखी दोघी तिच्या मैत्रिनी. मधात फासे. पर सोंगट्या नाई, पट नाई. मी म्हनलं हा कोनता खेळ वो. ते म्हने बाबा, मी गोष्ट सांगतो, हे चौघं त्या गोष्टीतले मानसं आहेत, कुठी जायचं काय करायचं ते हे सांगतीन, अन् जमलं का नाई ते फासा सांगन. म्हनजे नाटकच, पर कोनाले आपलं भाषन पाठ नाई, अन् शेवट काय होनार तेबी माहीत नाई.

अन् गोष्ट कशी म्हनता! एक मोठं राज्य, छत्राचं साम्राज्य म्हने. राजाचं तोंड कोनीच पाह्यलं नाई. राज्याले चौफेर भित, अन् शाळेत लेकरायले शिकवतेत का भितीच्या पल्याड दुनियाच नाई. नकाशा घरात सापडला त मानूस गायब, अन् मानूस गायब झाला त त्याचं नाव घेनंबी गुन्हा, मायनंबी घेऊ नाई. जादूगार होते, बोलनारे झाडं होते, दिनेश तलवारवाला झाला होता, दुकानात चार्जर इकनारा पोट्टा, अन् इथी छाती फुगवून बसे. सोनी झाडपाल्याची वैद झाली होती, अन् त्या गोष्टीत तिले एक बुढी आजी होती, तिची तिनंच बनवली होती, बिना दाताची, आयकू कमी येनारी. त्या आजीचं बोलनं सोनी असं बोले का मलेच वाटे बुढी घरात बसून आहे. मी ऑटो पुसता पुसता आयकत राहो. शकुन, माही बायको, हासे, म्हने पोरगी खेळून राह्यली अन् बाप बिघडून राह्यला.

एक दिस प्रज्ञा म्हने बाबा, छत्राच्या राज्यात रोज सकाळी भोंग्यावरून हुकूम होते, तो आवाज तुमी द्या ना. आता मले काय, हत्तीवर बसवल्यासारखं झालं. खुर्ची टाकली, गळा साफ केला. तिनं सांगतलं तसं बोललो, सर्व प्रजाजनांना कळविण्यात येते की उत्तर दरवाज्याच्या पल्याड धान्याचे कोठार उघडण्यात आले आहे, म्हातारे, लेकरे व अशक्त यांनी आधी जावे, छत्र तुमच्यावर आहे. त्यायच्या गोष्टीत दुष्काळ होता ना, गाव उपाशी होतं. अन् मले राहवते का, मी माह्या मनानं जोडलं, आपापले भांडे घेऊन या, धक्काबुक्की करू नये, सर्वांना मिळेल. राशनच्या वक्ती मी असंच म्हनतो. तीनदा बोललो, पुरा दम लावून, शेजारची म्हैस बावचळली.

आता खेळात कसं आहे, कोनाले शंका आली त फासा टाकाचा, मंग प्रज्ञा सांगते का गोष्ट खरी वाटते का खोटी. एवढा सोपा उपाय होता. चौघाईपैकी कोनी फासा उचलला नाई बाई! त्या छत्राबद्दल सारं माहीत होतं त्यायले, नकाशे जाळते, मानसं गायब करते, तरी तिसऱ्यांदा माहा आवाज झाला अन् दिनेश उठून उभा, म्हने चला रे, बुढे लोकं पुढं करा. सोनीनं आजीले हात धरून दरवाज्यापर्यंत नेलं, हातात धान्य आनाले गंज, मोठं भांडं, दिला, म्हने आजी तू हो पुढं, आमी गावातले बाकीचे घेऊन येतो. आमच्या गावचेच पोट्टे ते, भोंगा वाजला का चालाले लागनारे.

दुसऱ्या दिशी दुपारी मी मुद्दाम लवकर आलो, म्हनलं पाहू कोठारात काय काय भेटलं. प्रज्ञा सांगाले लागली. दरवाजा उघडला. पल्याड कोठार नाई. धान्य नाई. एक उतरता रस्ता, खाली खोल खान, काळी, अन् आधी गेलेल्यायपैकी कोनाचाच आवाज नाई. अन् दरवाज्याच्या बाजूले भांड्यायचा ढीग. गंज, पितळेचे गुंड, लेकरायच्या वाट्या, मानूसभर उंच. सोनीनं हळूच विचारलं, माह्या आजीचा गंज आहे का त्याच्यात. प्रज्ञा म्हने आहे, सगळ्याईच्या वर आहे.

मायबाई! माह्या हातातलं फडकं खाली पडलं. ते भांडे मी मांगितले होते. तिच्या सांगन्यात नव्हते ते, माह्या तोंडातले होते! सोनी रडाले लागली, खेळात रडते का कोनी, पर रडली, अन् रडता रडता तिनं माह्याकडं पाह्यलं. चौघाईनं पाह्यलं. दिनेश म्हने काका, तुमचा आवाज होता म्हनून आमी...

मी उठून आंगनात गेलो. संध्याकाळी जेवन जाईना. शकुन म्हने अवो खेळ आहे तो, सपरीतला खेळ. मी प्रज्ञावर भडकलो, म्हनलं तुले माहीत होतं का तिथी काय आहे. ते म्हने हाव. म्हनलं मंग मले काऊन नाई सांगतलं, मी बोललोच नसतो. त ते काय म्हनते आयका, म्हने छत्रवाले आपल्या भोंगेवाल्याले सांगत नाई बाबा, सांगतलं त त्याचा आवाज कापन ना. पोरीच्या तोंडाकडं पाहतच राह्यलो मी. आपल्या पोटची पोरगी, एवढं कुठून शिकली? उठलो अन् ऑटोत जाऊन बसलो.

आता याच्या मांगं काय चालू होतं ते सांगतो. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. आमच्या गावच्या बाया उजाडायच्या आधी जंगलात जातेत, पाना तोडतेत, पुडे बांधून फडावर, ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, देतेत, वर्साचा आधार तो. अन् त्याच दिसात नाल्याकडं वाघ आला. पलीकडच्या गावची एक बाई पाना तोडता तोडताच गेली. मंग कोनी जाईना. पाना झाडावर जून होऊन राह्यला होता अन् ठेकेदाराचा फड रिकामा.

खेळातल्या त्या गोष्टीले दोन-तीन दिस झाले असतीन, फडावरचा मुन्शी सकाळीच माह्या दारात. गोड बोलून राह्यला, मुखरूभाऊ, एक फेरी मारा, वाघ पकडला, नेला, जंगल मोकळं आहे, उद्या बायांनी बिनधास्त यावं. मी चावी घेतली, ऑटोकडं निंगालो, जसा रोज निंगतो तसाच. पाठीमांगून तो म्हने, अन् हे बी सांगा, आपापलं पानी-भाकर घेऊन या.

बाई, आपापलं घेऊन या, हे त माहंच बोलनं होतं. डोळ्यापुढं प्रज्ञाच्या गोष्टीतला भांड्यायचा ढीग आला. मी वळलो, म्हनलं मुन्शीजी, कोनी पकडला. म्हने पकडला ना. म्हनलं कोनी पाह्यला, तुमी पाह्यला का. त्याचं तोंडच बदललं, म्हने तू बोलनारा का पोलीस, एवढ्या वर्सात कधी विचारलं का तू? खरंच होतं ते, कधी नोतं विचारलं. अन् आतमधी शकुन खुशीत, तिनं आयकलं ना वाघ पकडला म्हनून, पुडे बांधाले वाख काढून भिजू घालून राह्यली होती. मी म्हनलं अवो थांब जरा. ते म्हने काऊन थांबू, तुमीच त आता सांगाले चालले ना गावाले. उद्या सगळ्यात पुढं तेच गेली असती, माही बायको, माह्याच आवाजावर.

मी मुन्शीपुढंच वनरक्षकाले फोन लावला, वळखीचा आहे, स्पीकर चालू ठेवला. तो वरडलाच, कोन म्हनते पकडला! पिंजरा लावला आहे फक्त, आत बकरी बांधली आहे, वाघ कुठी आहे आमालेच माहीत नाई, कोनाले येऊ देऊ नका! मुन्शी शकुनकडं पाहीना, माह्याकडंबी पाहीना, गाडीले किक मारली अन् निंगून गेला. जाता जाता म्हने पाहून घेईन. म्हनलं पाह्य बाबा. शकुन तशीच उभी, हातात ओला वाख, पानी गळून राह्यलं. म्हने, म्हनजे तुमी सांगतलं असतं त मी गेली असती ना.

मंग ऑटो काढला. आवाज चढवू का उतरवू समजेना, मयतीचा बी नाई अन् नाटकाचा बी नाई. साधंच बोललो, बायांनो, मले सांगा म्हनून सांगतलं का वाघ पकडला, मी विचारलं, पिंजरा रिकामाच आहे, वाघ मोकळा आहे, उद्या कोनी जाऊ नका, माही शकुन जात नाई. तीनदा.

काई बाया चिडल्या, हंगाम चालला म्हने. खरंच चालला, नाई कोन म्हनते. पर थांबल्या. पुढं वनरक्षकाचा फोन आला, आला पिंजऱ्यात. मी बोलन्याआधी पाहाले गेलो. जिथी आमच्या बाया आधी पोचतेत, त्या नाल्याच्या वळनावरच पिंजरा. आत दरवाज्याएवढा वाघ, गुरगुरत नोता, फक्त पाहून राह्यला होता. घरी येऊन शकुनच्या हातचं पानी पेलो अन् ऑटो काढला.

त्या दिशी भोंग्यावर म्हनलं, वाघ पकडला, मी सोता पाह्यला. त पुढच्याच वळनावर एक बुढी आडवी आली, ऑटो थांबवला, म्हने खरंच पाह्यला का रे, का सांगून राह्यला उगाच? एवढ्या वर्सात मले कोनी असं विचारलं नोतं. पाह्यला माय, म्हनलं, डोळ्यानं पाह्यला. मंगच ते बाजूले झाली.

यंदा त्या ठेकेदाराचं काम मले भेटलं नाई, दुसरीकडून गाडी आनली त्यायनं. नाई भेटलं त नाई भेटलं. प्रज्ञा सुट्टीत आली का अजूनबी खेळ मांडते, अन् छत्राचा हुकूम मीच देतो, पर माहं पह्यलं वाक्य पुरं होत नाई त चारी पोट्टे फाशावर झडप घालतेत, सोनी सगळ्यात आधी. अन् गावात आता मी साधा हरपलेला बकरा जरी सांगतला तरी कोनी ना कोनी दारातून वरडते, मुखरूभाऊ, तू पाह्यला का? आधी जीवाले लागे माह्या. आता म्हनतो विचारा बायांनो, दहादा विचारा, तुमचे लेकरं सुखी राहो. शकुनबी विचारते. जित्ती घरात आहे म्हनून त विचारून राह्यली.