साबणाशिवाय पुसलेला जिना

या मंडळी, पुढे या. मागे दाराशी उभे राहू नका, पुढच्या रांगेत खुर्च्या रिकाम्या आहेत. आपली माणसं लग्नातही मागे बसतात आणि इथेही.

शैला म्हणाली, पुष्पा, तू बोल. मी म्हटलं, अगं, मी एकदा बोलायला लागले की थांबत नाही हे सगळ्या बॉबलिंगेन गावाला माहीत आहे. आज मात्र कसं जमेल ठाऊक नाही. आवाज फुटला तर समजून घ्या. अडले तर पाणी द्या.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी पुष्पा गोखले. माझे यजमान आणि मधुकर केळकर एकाच कारखान्यात इंजिनियर. त्यांची बायको शैला माझी इथली पहिली मैत्रीण, म्हणून मधुकरराव माझे भावोजी. परवा, गुरुवारी सकाळी, चहाचा कप हातात असताना ते गेले. कप फुटलासुद्धा नाही, शैला सांगत होती. इतका व्यवस्थितपणा कोणी जातानाही करतं का हो?

आता एक गोष्ट मी मुद्दाम मोठ्याने सांगणार आहे. या गावात ती वर्षानुवर्षं हळू आवाजात सांगितली गेली. आपल्या लोकांतही. नावं घेत नाही, घाबरू नका. पण आज भावोजींचे धाकटे बंधू अनंतराव पुण्याहून आलेत, त्यांनी ती धडपणे ऐकायला हवी.

अनंतराव, नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. केळकर तेव्हा फ्राऊ बेक, म्हणजे बेकबाई, यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. खाली फ्राऊ बेक एकट्या. आणि जर्मनीच्या या आपल्या श्वाबन मुलखात एक रीत आहे, केरवोखे. आठवड्याची पाळी. दाराला पाटी लटकवतात; ज्याच्या दारावर पाटी, त्याने त्या आठवड्यात सगळ्यांचा जिना झाडायचा, पुसायचा. शनिवारी पुसला नाही तर शेजारी सोमवारी नमस्कार करत नाहीत. खरंच सांगते, हसू नका. बरं, हसा. भावोजींनाही हसू यायचं.

तर भावोजी जिना पुसायचे ते नुसत्या पाण्याने. आपल्याकडे पुसतात तसा. फ्राऊ बेक यांना ते मुळीच खपायचं नाही. त्या त्यांची ती क्लोरवाल्या साबणाची बाटली घेऊन पायरीवर उभ्या राहायच्या. "हेर केळकर, हे घाला. पाण्याने कुठे जिना स्वच्छ होतो?" आणि हे म्हणायचे, "फ्राऊ बेक, फडकं घट्ट पिळलं आणि कडकडीत वाळवलं की काही लागत नाही." दर पाळीला हेच. मी स्वतः ऐकलंय. भांडण संपलं की त्या यांना चेरीच्या मुरंब्याची बरणी द्यायच्या आणि हे त्यांना चकल्या. नातंच होतं ते, दुसरं काय म्हणायचं?

एका शुक्रवारी कोणीतरी फ्राऊ बेक यांचा खून केला.

शैला तेव्हा लहानग्या लेकीला, मीराला, घेऊन पुण्याला गेलेली, सासूबाई आजारी होत्या म्हणून. भावोजी वर एकटे. शुक्रवारी ते कामावरून उशिरा आले, खाली दार बंद होतं. शनिवारी सकाळी दारावर पाटी होती, म्हणून यांनी बादली घेतली. खालच्या पायरीवर लालसर डाग दिसला. यांना वाटलं, चेरीचा रस. फ्राऊ बेक तळघरातून बरण्या आणायच्या ना. पुसला. फडकं पिळलं, झटकलं, तळघरात बॉयलरच्या गरम पाइपवर वाळत घातलं. रविवारी फ्राऊ बेक यांचा मुलगा आला. त्याने दार उघडलं.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. दाराचं कुलूप फोडलेलं नाही. घरात दुसरं कोणी नाही. आणि वरच्या परदेशी माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी जिना पुसलेला. पोलिसांनी विचारलं, का पुसला? हे म्हणाले, माझी पाळी होती. हे त्यांना पटलं बरं का, श्वाबनच ते. पण साबण का नाही घातला? इथे गाडी अडली. साबणाशिवाय जिना पुसतो तो घाईत असतो, काहीतरी लपवत असतो! आपल्या पुण्यातल्या निम्म्या बायका त्या न्यायाने आत जातील.

फडकं पोलिसांनी नेलं. त्यावर रक्त आहे एवढं कळलं. कोणाचं, ते कळेना. डीएनएची तपासणी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. तिला रक्त पुष्कळ लागायचं आणि फडक्यावर होतं पुसट. भावोजींना थोडे दिवस कोठडीत ठेवलं, मग सोडलं. पुरावा नाही म्हणून सोडलं. निर्दोष म्हणून नाही. या दोन्हींत किती अंतर असतं, ते ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं.

फ्राऊ बेक यांच्या मुलाने घर सोडायला सांगितलं. त्याच्या आईला मारलं होतं हो, त्याला तरी काय म्हणायचं? भावोजी रस्त्यात दिसले की तो पलीकडच्या फुटपाथवर जायचा.

शैला म्हणाली, "अहो, चला परत. पुण्यात काय नोकऱ्या नाहीत?" मी पण म्हटलं. तेव्हा भावोजी जे बोलले ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. म्हणाले, "वहिनी, मी गेलो तर लोक म्हणतील, पळाला. उद्या मीरा मोठी होईल. तिला कोणी विचारलं, तुझा बाप का पळाला, तर पोरगी काय सांगेल?"

आणि झालंही तसंच. मीरा, तुला चालेल ना मी सांगितलेलं? हो? बरं. ही शाळेत जायला लागली आणि कोणीतरी हिला काहीतरी बोललं. घरी आली, दप्तर टाकलं आणि बापासमोर उभी राहिली. तुम्हाला माहीत आहे, आपली मुलं मराठी ऐकतात आणि उत्तर जर्मनमध्ये देतात. म्हणाली, "पापा, वार्स्ट डू दास?" पापा, ते तू केलंस?

मी तिथे भाजी निवडत बसले होते.

भावोजी खाली बसले, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. म्हणाले, "नाही बाळा." ही म्हणाली, "गुट." म्हणजे ठीक. आणि गेली खेळायला. तिला पुरलं ते. पण यांना नाही पुरलं. एवढ्याशा पोरीला असं विचारावं लागलं, हे त्या माणसाला आयुष्यभर टोचत राहिलं.

तेव्हापासून दर वर्षी फ्राऊ बेक यांच्या स्मृतिदिनी भावोजी कबरीवर फुलं ठेवायचे आणि तिथून थेट पोलीस ठाण्यात. एकच प्रश्न. "फडकं आहे ना?" तिथले कोमिसार, म्हणजे तपास अधिकारी, आधी चिडायचे. मग कंटाळले. मग, बघा, विचार करायला लागले. ज्याने खून केला तो माणूस दर वर्षी येऊन पुरावा नीट ठेवा म्हणून कशाला सांगेल? मग काय, त्यांनीही ते फडकं सांभाळलं. कागदाच्या पिशवीत, कोरडं.

दोन वर्षांपूर्वी कोमिसार स्वतः घरी आले. मी आणि आमचे हे, दोघंही होतो तिथे, शैलाने बोलावून घेतलं होतं. तपासणीत आता सुईच्या टोकाएवढं रक्तही पुरतं म्हणाले. फडक्यावरचं रक्त एका पुरुषाचं. केळकरांचं नाही. दुसऱ्या गावात चोरीच्या प्रकरणात एकाला पकडलं होतं, त्याची लाळ घेतलेली, ती जुळली. जुन्या वस्तू विकत घेतो म्हणून दारोदार फिरणारा माणूस. फ्राऊ बेक यांनी विश्वासाने दार उघडलं होतं. झटापटीत त्याचा हात कापला आणि जाताना पायरीवर थेंब पडला. त्याने कबूलही केलं.

कोमिसार पुढे म्हणाले, "हेर केळकर, तुम्ही त्या दिवशी पाण्यात क्लोर घातलं असतं, तर आम्हाला काहीही मिळालं नसतं. फडकं ओलं ठेवलं असतं, तरी कुजून गेलं असतं."

भावोजी वर छताकडे बघत म्हणाले, "फ्राऊ बेक, बघा. मी म्हणत होतो की नाही?"

आणि मग रडले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. शैलाने पाठीवर हात ठेवला, आणि मीरा, एवढी मोठी झालेली, त्यांच्यासमोर खाली बसली, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. "मला माहीत होतं, बाबा," म्हणाली. मराठीत.

एवढं सांगून मी थांबणार होते. पण कालचं सांगायलाच हवं.

तो निकाल लागल्यावर एका शनिवारी केळकरांच्या आताच्या घराच्या जिन्यात खरखर आवाज आला. यांची पाळी होती. भावोजी बाहेर येऊन बघतात तो काय, फ्राऊ बेक यांचा मुलगा बाह्या वर करून जिना पुसतोय. माफी नाही, काही नाही. श्वाबन माणूस, तोंडातून शब्द निघायला जड. भावोजी म्हणाले, "हेर बेक, साबण फार घातलात. पायऱ्या निसरड्या होतील." झालं. तेव्हापासून केळकरांची पाळी आली की हेर बेक हजर. पुसायचे साबणानेच हं, फेस करून. आणि भावोजी वरून चिडवायचे.

या आठवड्यातही पाटी केळकरांच्याच दारावर आहे. घरात असं झालेलं, कोणाला सुचणार जिना? काल सकाळी मी शैलाकडे जात होते, तर हेर बेक पायरीवर गुडघे टेकून बसलेले. फडकं घट्ट पिळत होते. मी बादलीत डोकावले.

नुसतं पाणी होतं.

मंडळी, शेवटच्या रांगेत ते राखाडी कोटातले गृहस्थ बसलेत ना, तेच हेर बेक. मराठीचं अक्षर त्यांना कळत नाही, तरी मघापासून बसलेत. आता आपण सगळे उभे राहू या आणि घटकाभर गप्प राहू या. गप्प राहिलेलं त्यांनाही कळेल.

भावोजी, जिना पुसलाय. तुम्ही पुसायचा तसाच. निवांत जा.