कोठाराचं दार

अगं, नख नको लावूस! — पापुद्रे निघतात रंगाचे, लांबून बघ. हे कोठाराचं दार. मेलबर्नचे चित्रकार उन्हाळाभर आमच्या कुरणात उघड्यावर चित्रं रंगवायचे आणि संध्याकाळी पॅलेटवर उरलेला रंग खरवडून कोठाराच्या दाराला पुसायचे — माझी आजी तेव्हा नऊ वर्षांची होती, चहाची किटली तीच न्यायची त्यांना. तर हे दार तुझ्या वारसा खात्याच्या यादीत चढलं की शेत वाचलं, नाहीतर गुरुवारी लिलाव, मग इथंही त्या टेकडीसारखी घरं — बघ ना, एका साच्यातून काढलेली बिस्किटं जशी! तेव्हा कर सही. स्कोनना लोणी लावून ठेवलंय, गार होतील.

एवढं काय निरखतेस? तो खालचा कोपरा? निलगिरीच्या सालीचा रंग आहे तो — धड गुलाबी नाही, धड राखी नाही, पाऊस येऊन गेल्यावर पाच मिनिटं दिसतो, संपलं. काय म्हणालीस? असा हात एखाद्या मोठ्या चित्रकाराचाच? ...असेल. असेल बाई. लिही तसं. — मोठा चित्रकार! दाढीवाला, शहरातून आलेला, नाही का? गायी पिळणाऱ्या पोरीला कुठला साधायला असला रंग! नऊ उन्हाळे घातले त्या सालीपायी, कुणी शिकवलं नाही, कुण्णी म्हणजे कुण्णी —

कोणी घातले? कोणी नाही. स्कोन खा.

अशी बघू नकोस गं माझ्याकडे. मला खोटं बोलता येत नाही, नुसतं गप्प बसता येतं. जळालं ते चित्रकारांचं दार. वणव्यात, मी सोळाची असताना. बाबांनी गोठ्याचं दार काढून इथं बसवलं. मी रोज चित्रं रंगवायची आणि उरलेला रंग या दाराला पुसायची — शेताची रीतच ती, फसवायला नव्हे! मग पाहुणे येऊन त्याच्यापुढं टोप्या काढून उभे राहायला लागले. बाबा म्हणाले, "एनिड, तोंड मीट." मिटलं. सहासष्ट वर्षं.

पेन का खिशात घातलंस? काढ. गप्प राहिले असते तर शेत राहिलं असतं — कळतं मला, खुळी नाही मी. पण त्या सालीवर दुसऱ्याचं नाव? नाही. लिही: एनिड ट्रेविन. ट्रेविन. नीट लिही.

झालं? मग नीघ आता. आणि फाटक ओढून घे जाताना — गायी अजून माझ्याच आहेत.