हंबीररावाचे दोन हात

मी, रत्नव्वा विरूपाक्ष कोरी, वय ६१ वर्षे, व्यवसाय शेती-अवजारांचे दुकान, राहणार बाजारपेठ, आजरा, जिल्हा कोल्हापूर. आज मंगळवार दि. २९ एप्रिल २०२५ रोजी सकाळी अकरा वाजता बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात समक्ष आले आहे आणि विचारल्यावरून सांगते ते असे :

माझे दुकान चाळीस वर्षांचे आहे. पूर्वी पती बसत, आता मी बसते. खुरपी, विळे, कोयते, कुऱ्हाडी, दोर, बिजागऱ्या असा माल असतो. गेल्या दोन वर्षांपासून कोयता उघडा देत नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून देते.

काल सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास कृष्णात दत्तू होडगे, वय अंदाजे ३५, राहणार खालची वाडी, हा दुकानात आला. माझी त्याची पूर्वीची ओळख नाही. त्या वेळी विश्वजित नावाचा त्याच वाडीतला इसम मागच्या बाजूला बिजागऱ्या निवडत उभा होता. त्याने जे ऐकले ते फोनवरून कृष्णातचे चुलतभाऊ हंबीरराव होडगे यांना कळवले. कृष्णात कुऱ्हाड घेऊन हंबीरराव यांचे दोन्ही हात तोडणार आहे, अशी तक्रार त्यांनी दिली. कृष्णातला काल दुपारी एस.टी. स्टँडवरून कुऱ्हाडीसह येथे आणले. तो अजून येथेच आहे. मी आत येत असताना तो बाकावर बसला होता. तो म्हणाला, "आक्का, झाड हाय म्हणून सांगा की." शिपायाने त्याला गप्प केले.

दुकानात बोलणे झाले ते पुढीलप्रमाणे. कृष्णात म्हणाला, "हात काढाय काय बरं पडंल, आक्का? कोयता का कुऱ्हाड?" मी विचारले, "कुणाचे?" तो म्हणाला, "हंबीररावाचे. दोन्ही." कोण हंबीरराव, असे मी विचारले नाही. आमच्याकडे झाडाच्या मोठ्या फांदीला हात म्हणतात आणि जुन्या झाडांना नावे असतात. माझ्या माहेरी एका फणसाला मावशी म्हणत. त्यामुळे मला त्यात वावगे वाटले नाही.

येथपर्यंत लिहून झाल्यावर लेखनिक महिला पोलीस संयोगिता मॅडम यांनी हंबीरराव नक्की कोणता, असे विचारले. यापुढे नावापुढे (झाड) किंवा (माणूस) असे लिहिण्याचे ठरले.

मी कृष्णातपुढे तीन वस्तू ठेवल्या. एक कोयता. एक लाकूड फोडायची कुऱ्हाड, दोन किलोची, जाड पात्याची. एक छाटणीची कुऱ्हाड, किलोभराची, पातळ आणि रुंद पात्याची, दांडा दोन फुटांचा. त्याने फोडायची उचलली. सगळे तीच उचलतात. जमिनीवरचा ओंडका तिने फुटतो, पण झाडावर एका हाताने खोड धरून दुसऱ्या हाताने ती पेलत नाही. ती मी त्याच्याकडून काढून घेतली.

हात किती जाड, फांदी कुठल्या बाजूला कलली आहे, खाली काय आहे, झाड ठेवायचे आहे का पाडायचे, हे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "किती इचारता, आक्का? पोरगी द्यायची हाय का कुऱ्हाड?" मी म्हणाले, "पोरीला न्हाय एवढं इचारत." तो दीड तास बसला. माझ्या अनुभवाप्रमाणे माणसावर धावून जाणारा दीड तास बसत नाही.

विश्वजित यांच्या जबाबातील चार वाक्ये मला वाचून दाखवण्यात आली. ती कृष्णातच्या नावावर लिहिली आहेत.

"मनगटाएवढं असलं तर कोयता, मांडीएवढं असलं तर कुऱ्हाड." हे वाक्य कृष्णातचे नसून माझे आहे.

"आधी खालनं निम्मा घाव, मग वरनं. नुसता वरनं घातला तर कातडं सोलत खाली येतं." हेही माझे आहे. मी कातडं म्हणाले नाही, साल म्हणाले.

"बगल सोडून घाव घालायचा. बगलेत घातला तर जखम भरत न्हाय." माझे आहे. फांदी खोडाला मिळते त्या खोबणीला बगल म्हणतात. ज्याचे वाईट करायचे त्याची जखम भरावी म्हणून कोणी जागा विचारून घेत नाही.

"खोड ऱ्हाऊ द्या, तेचं मग बघू." हे मात्र कृष्णातचे आहे.

या चारांखेरीज पाचवे एक वाक्य आहे. ते विश्वजित यांच्या जबाबात नाही. कृष्णातने मला विचारले होते, "पर जीव जाणार न्हाय न्हवं तेचा?" मी म्हणाले, "नीट काढलं तर पुढच्या साली पालवी फुटंल." हे लिहून घ्यावे.

हे झाडाबद्दलच कशावरून, असे ठाण्याच्या साहेबांनी विचारले. हंबीररावांना (माणूस) पालवी फुटत नाही, असे मी सांगितले. हे लिहू नका, असे साहेब म्हणाले. थोड्या वेळाने लिहा म्हणाले.

विश्वजित या बोलण्याच्या दरम्यान निघून गेले. निवडलेल्या चार बिजागऱ्या त्यांनी काउंटरवर ठेवल्या. त्या अजून तेथेच आहेत. ते गेल्यावर मी कृष्णातला नावाचे विचारले. त्याने सांगितले की तो रायवळ आंबा आहे, हंबीरराव (आजोबा) यांनी तो बांधावर लावला आणि त्यांचेच नाव झाडाला पडले. तेच नाव पुढे चुलतभावालाही ठेवले, हे त्याने सांगितले नाही. मी विचारलेही नाही.

कृष्णात चुलतभावाबद्दल रागाने काही बोलला काय, असे विचारल्यावरून सांगते की, होय. आठ दिवसांपूर्वी वळवाच्या वाऱ्यात झाडाचा एक हात चिरला. तो भावाच्या गोठ्यावर लोंबतो आहे. दुसरा त्याच्याच वर आहे. भावाला झाड मुळासकट पाडायचे आहे. कृष्णात म्हणाला, "मी तेला पाडू देणार न्हाय." "मी तेला सोडणार न्हाय" असे म्हणाला काय, असे पुन्हा विचारले. नाही. पाडू देणार न्हाय, असेच म्हणाला.

छाटणीच्या कुऱ्हाडीबरोबर मी त्याला चाळीस हात दोर दिला. तुटणारी फांदी आधी दोराने बांधून वरच्या खोबणीवरून खाली सोडायची असते. दोराचे टोक खाली एकाने धरावे लागते, नाहीतर फांदी झोका घेऊन चढलेल्या माणसावर येते. मी कृष्णातला विचारले, "दोर कोण धरणार?" तो दोर गुंडाळत राहिला. मी पुन्हा विचारले. तो म्हणाला, "बघू. बांधतो कशाला तरी." यावर मी त्याला कुऱ्हाड द्यायला नको होती. दिली.

गिऱ्हाईक मागेल ते देण्याऐवजी एवढी चौकशी का करता, असे साहेबांनी विचारले. माझे पती विरूपाक्ष हे सन २०१७ मध्ये जांभळाच्या झाडावरून पडून मयत झाले. फांदी त्यांच्यावर आली. त्यांच्याकडे फोडायची कुऱ्हाड होती. ती मी काढून दिली होती. दोर धरायला कोणी नव्हते. मी दुकानात होते. याचा या प्रकरणाशी संबंध नाही. विचारले म्हणून सांगितले.

जप्त केलेली कुऱ्हाड मला दाखवण्यात आली. ती माझ्याच दुकानातील आहे, दांडा बाभळीचा आहे. दांडा फरशीवर आपटून पाहता पाते हलते आहे. काल हलत नव्हते. ती कोणी आपटली हे मला माहीत नाही. मी हातोडी मागितली. ती ठाण्यात नसल्याने वजनाच्या दगडाने पाचर ठोकून घट्ट केली.

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी हंबीरराव (माणूस) ठाण्यात आले. चिरलेला हात रात्रभर करकरत होता, जनावरे बाहेर बांधावी लागली, असे त्यांनी सांगितले. ते म्हणाले, "सायेब, तेला सोडा. वारं सुटायच्या आत फांदी काढाय पायजे." साहेबांनी विचारले, तो तुमचे हात तोडणार होता ना? ते म्हणाले, "विश्वजित तसं म्हणाला." कृष्णात बाकावरून म्हणाला, "तुला इचारायला तोंड न्हवतं व्हय रं?" हंबीरराव (माणूस) म्हणाले, "तीन वर्षं बोलतोयस का माझ्यासंगं?"

मी दोघांना विचारले, "दोर कोण धरणार?"

माझे सांगणे संपले. ते मला मराठीत वाचून दाखवले आणि अडले तेथे कानडीतून समजावले. वाचताना हंबीरराव हे नाव जेथे जेथे आले तेथे (झाड) की (माणूस) हे पुन्हा पाहिले. एका ठिकाणी दोन्ही लागू होत नव्हते, तेथे (आजोबा) असे लिहिले. दुरुस्ती एकच. शेवटच्या प्रश्नापुढे उत्तर लिहायचे राहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून आता लिहिले आहे : दोर धरतो, असे हंबीरराव (माणूस) म्हणाले. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही : रत्नव्वा विरूपाक्ष कोरी