पानाची खालची बाजू

हॅलो?… हां, बोल छोटे… थांब, पाइप बंद करते. सकाळपासून नर्सरीतल्या चारशे कुंड्यांना पाणी घातलंय, हातांचे तुकडे पडलेत… हं, बोल.

गळतायत? किती?… नऊ पानं? दोन दिवसांत?… अगं रडू नकोस, नीट सांग. पाणी जास्त झालं का?… मग? काय लावलंस?

लाकडाचं पॉलिश.

नाही, ओरडत नाहीये. ओरडायला अंगात जीव हवा… हो, कळलं, आई दवाखान्यातून येणार, बाबांच्या हातचं रबराचं झाड चकचकीत दिसावं म्हणून… हो, हो… अगं ऐक ना. खालून पण लावलंस?… दोन्ही बाजूंनी. खोडालाही. तुझं कामच असं, कोपरा न् कोपरा.

अगं, पानाला खालच्या बाजूने बारीक छिद्रं असतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. तिथूनच झाड हवा आत घेतं, बाहेर सोडतं… खोडालाही असतात. ते पुटकुळ्यांसारखे ठिपके… कीड समजून? चाकूने खरवडलेस?… राहू दे. झालं ते झालं.

काय?… माझं बघून?

हो. मारतो आम्ही चकाकीचा फवारा, विकायच्या झाडांना. पण वरून, तोही हलका. खालून कधीच नाही… नाही सांगितलं. तू इथे आली होतीस तेव्हा गिऱ्हाईक आलं, तुला स्टुलावर बसवलं आणि विसरले.

आता कोमट पाण्यात थोडा साबण घाल. मऊ फडक्याने एकेक पान खालून पूस. निघेल तेवढं निघेल… जगेल का? मला नाही माहीत गं, खोटं कशाला सांगू. शेंड्याचा कोंब हिरवा आहे ना?… मग थोडी आशा आहे.

कोण आलं?… आई? आजच सोडलं?… फोन दे तिला. दे म्हणते ना.

आई… हो, मीच… दिसलं ना तुला. छोटीला काही बोलू नकोस. माझ्याकडूनच शिकली ती, अर्धवट. चूक माझी आहे… हो. तीन आठवडे घरी फिरकले नाही. दवाखान्यातही नाही आले. रोज उद्या-उद्या म्हणत राहिले. लाज वाटते गं मला…

काय करतेयस तू?… फडकं खाली ठेव. ठेव आधी. दम लागलाय तुला, ऐकू येतोय मला… बस खुर्चीत…

नाही, सुट्टी नाही विचारणार. सांगून निघतेय… खालच्या फांद्यांची पानं माझ्यासाठी ठेवा. तुला वाकायचं नाहीये अजून.

हो. ठेवते.